नीळ एक, पदार्थ तीन : जुन्या चित्रांतील रंगांची ओळख

सातारा जिल्ह्यातील औंध आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी ही दोन्ही ठिकाणे एकेकाळी औंध संस्थानात होती. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार होते. १९३८ साली त्यांनी औंधच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभारले. राजा रविवर्मा, धुरंधर यांच्यासारख्या चित्रकारांची चित्रे तेथे आहेत. याच बाळासाहेबांनी १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला. गंमत अशी, की लक्ष्मणरावांनाही (१८६९-१९५६) तरुणपणी चित्रकारच व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले होते. दोन वर्षांनी लक्षात आले, की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळत नाही. ते अंशतः रंगांध होते. रंगकाम सोडून ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि महाराष्ट्राला एका चित्रकाराऐवजी लोखंडी नांगर मिळाला.

रंगांध माणसाला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून आपल्याला त्याची कीव येते. परंतु ज्यांचे डोळे निर्दोष आहेत, त्यांना तरी रंग कितपत ओळखता येतात? येथे ‘रंग’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक म्हणजे डोळ्याला होणारी संवेदना : निळा, तांबडा, पिवळा. दुसरा म्हणजे ही संवेदना निर्माण करणारा पदार्थ : नीळ, शेंदूर, हळद. पहिल्या अर्थाने आपण रंग चांगले ओळखतो. दुसऱ्या अर्थाने मात्र आपण सगळेच रंगांध आहोत. जुन्या चित्राचे वय ठरवायचे असो, त्याची दुरुस्ती करायची असो किंवा ते उद्यापर्यंत टिकवायचे असो, उपयोगी पडते ते दुसरे ज्ञान. ते कसे मिळवतात, हे या लेखात पाहू.

कान आणि डोळा

मिरजेचा तंबोरा छेडला, की पंचम आणि षड्ज एकाच वेळी कानावर पडतात. तयार कान त्यातला प्रत्येक सूर वेगळा काढून सांगतो. डोळ्याला हे जमत नाही. तांबडा आणि हिरवा प्रकाश एकत्र डोळ्यात गेला, तर आपल्याला पिवळा दिसतो. शुद्ध पिवळा प्रकाशही पिवळाच दिसतो. या दोहोंतला फरक डोळा सांगू शकत नाही.

याचे कारण डोळ्याच्या रचनेत आहे. सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आपल्याला दिसतो. (एक नॅनोमीटर म्हणजे एक मीटरचा शंभर कोटीवा भाग.) या पट्ट्यात असंख्य तरंगलांबी आहेत, पण रंगज्ञानासाठी डोळ्यात तीनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत. म्हणजे कितीही गुंतागुंतीचा प्रकाश आला, तरी डोळा मेंदूला तीनच आकडे कळवतो. वेगवेगळ्या पदार्थांवरून आलेल्या प्रकाशाचे हे तीन आकडे जुळले, की ते पदार्थ आपल्याला एकाच रंगाचे वाटतात.

वर्णपटमापक हे उपकरण डोळ्याचे हे दारिद्र्य दूर करते. ते आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवते आणि प्रत्येक ठिकाणी किती प्रकाश आहे ते मोजते. जे काम कान सुरांच्या बाबतीत थोड्याफार प्रमाणात करतो, ते हे उपकरण प्रकाशाच्या बाबतीत करते.

तीन प्रकारची नीळ

मराठीत ‘नीळ’ म्हटले, की कोणता पदार्थ? भाषेनेही येथे डोळ्याचीच री ओढली आहे. गुळीच्या झाडापासून मिळते ती नीळ. पांढरे कपडे खळवताना वापरायची पूड तीही नीळ. गुळीची नीळ हा कार्बनी रंजक आहे. कपड्यांच्या निळीची जुन्या पद्धतीची पूड ही अल्ट्रामरिन असते. ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांच्या पिंजऱ्यासारख्या सांगाड्यात गंधकाचे तीन-तीन अणूंचे गट अडकलेले असतात आणि त्यांच्यामुळे तिला रंग येतो. अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात मिळणाऱ्या लाजवर्द दगडातले निळे खनिज हेच. अजिंठ्याच्या चित्रांत ते वापरलेले आहे. फ्रान्समध्ये गिमे याने १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते कृत्रिमरीत्या बनवले आणि जे सोन्याच्या मोलाने विकले जात होते, ते परटाच्या घंगाळात आले.

तिसरा पदार्थ म्हणजे प्रशियन निळा. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये तो अपघाताने सापडला. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पोटॅशियम फेरोसायनाइड घातल्यावर जो गडद निळा साका तयार होतो, तोच हा. लोहाची परीक्षा म्हणून हा प्रयोग शाळेत करतात.

कागदावर फासलेले हे तीन रंग, विशेषतः पांढऱ्यात मिसळून फिके केल्यावर, नुसत्या नजरेने खात्रीने ओळखणे अवघड आहे. रसायनशास्त्राच्या शिक्षकाला मात्र ते अवघड नाही. प्रत्येकाची चिमूटभर पूड वेगवेगळ्या परीक्षानळीत घ्यावी आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. अल्ट्रामरिनचा निळा रंग नाहीसा होतो आणि कुजक्या अंड्यासारखा हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. (हा वायू विषारी आहे. पूड खरोखरच चिमूटभर घ्यावी आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.) उरलेल्या दोघांवर परिणाम होत नाही. आता त्यांच्या नव्या नमुन्यांवर सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण टाकावे. प्रशियन निळा तपकिरी होतो, कारण लोहाचे हायड्रॉक्साइड तयार होते. गुळीची नीळ निळीच राहते. दोन अभिक्रियकांत तीन पदार्थ वेगळे झाले.

प्रयोग सुंदर आहे, पण त्यात नमुना नष्ट होतो. मेणवलीला कृष्णेकाठी नाना फडणिसांचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर चित्रे आहेत. त्यांतल्या एखाद्या निळ्या रेघेवर आम्ल टाकून पाहा, असे कोणी सुचवणार नाही. चित्राला हात न लावता तोच निर्णय घेता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

तांबड्यापासून सुरुवात

सोपा प्रश्न आधी घेऊ. आपल्याकडच्या जुन्या चित्रांत तांबड्यासाठी तीन खनिज रंग नेहमी येतात. गेरू हा लोहाचा ऑक्साइड. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. लोह, शिसे, पारा : तिन्हींत मूलद्रव्य वेगळे आहे. म्हणून येथे फक्त मूलद्रव्य ओळखले की पुरे.

त्यासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती ही पद्धत वापरतात. चित्राच्या पृष्ठभागावर क्ष-किरणांचा झोत सोडला, की अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. त्या रिकाम्या जागी वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडी घेतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली असते. पिस्तुलासारखे हातात धरता येणारे उपकरण आता मिळते. चित्र भिंतीवरून काढावेसुद्धा लागत नाही.

हीच युक्ती निळ्यांवर वापरली तर? प्रशियन निळ्यात लोह दिसेल. पण गेरूतही लोह असते आणि भिंतीच्या मातीतही. अल्ट्रामरिनमधली मूलद्रव्ये हलकी आहेत. त्यांचे क्षीण क्ष-किरण हवेतच मोठ्या प्रमाणात शोषले जातात. गुळीच्या निळीत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन. हीच मूलद्रव्ये कागदात, डिंकात आणि सरसातही कमीअधिक प्रमाणात असतातच. म्हणजे अणू मोजून भागत नाही. अणू एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे कळले पाहिजे.

समुद्राच्या निळाईतून निघालेली पद्धत

या ठिकाणी चंद्रशेखर वेंकट रामन यांची आठवण होणे साहजिक आहे. १९२१ साली इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राची गडद निळाई पाहून त्यांच्या मनात प्रकाशाच्या प्रकीर्णनाचा विचार बळावला. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात त्यांच्या शोधावर शिक्कामोर्तब झाले. हाच दिवस आज आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. १९३० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रामन परिणाम थोडक्यात असा. एकाच तरंगलांबीचा प्रकाश पदार्थावर टाकला, की इकडेतिकडे विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच तरंगलांबीचा असतो. पण त्यातला अगदी थोडा, साधारणपणे एक कोटी प्रकाशकणांत एखादा, बदललेल्या ऊर्जेने बाहेर येतो. रेणूतील अणू स्प्रिंगने जोडल्यासारखे सतत कंप पावत असतात. जाता जाता हा प्रकाशकण त्या कंपनाला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो. ऊर्जेत किती फरक पडला ते मोजले, की कंपनाची वारंवारता कळते. कोणते अणू, किती घट्ट बंधाने जोडलेले, यावर ती अवलंबून असते. एका पदार्थाच्या अशा सर्व वारंवारता मिळून त्याचा अंगठ्याचा ठसा तयार होतो.

आता तिन्ही निळ्यांकडे परत येऊ. हा फरक ‘प्रति सेंटिमीटर’ या एककात मोजतात. अल्ट्रामरिनचा ठळक पट्टा ५४८ च्या आसपास येतो. तो गंधकाच्या तीन अणूंच्या गटाचा. गुळीच्या निळीचा सर्वांत जोरकस पट्टा १५७० ते १५८० च्या आसपास. प्रशियन निळ्याचा २१५० च्या आसपास. त्यात कार्बन व नायट्रोजन तिहेरी बंधाने जोडलेले असतात. बंध घट्ट, म्हणून वारंवारता मोठी. ताणलेली तार उंच सुरात वाजते, तसेच हे. चित्रांतल्या फार थोड्या रंगद्रव्यांचा पट्टा २१५० च्या भागात येतो, त्यामुळे तो दिसला की शंकेला जागा राहत नाही.

रामन यांच्या काळी यासाठी पाऱ्याच्या दिव्यासमोर तासन् तास छायापट्टी ठेवावी लागे. १९६० साली लेसरचा शोध लागला. १९७० च्या दशकात फ्रान्समध्ये रामन वर्णपटमापक सूक्ष्मदर्शकाला जोडला गेला आणि मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या ठिपक्यावर नेम धरता येऊ लागला. रंगाच्या एकाच कणाला त्याचे नाव विचारणे शक्य झाले. लेसरची शक्ती मात्र अत्यंत कमी ठेवावी लागते. नाही तर शेंदरासारखे रंग त्या उष्णतेनेच बदलतात.

शेजाऱ्यांचा परिणाम

रंग हा रेणूचा एकट्याचा गुण आहे, असा आतापर्यंतच्या विवेचनावरून समज होईल. तो पूर्ण खरा नाही. गुळीची कोरडी नीळ परीक्षानळीत तापवली, तर जी वाफ निघते ती निळी नसते, तांबूस जांभळी असते. वाफेत रेणू एकमेकांपासून दूर असतात. एकट्या रेणूचे सर्वाधिक शोषण सुमारे ५४० नॅनोमीटरला होते. घन निळीत शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. त्यामुळे शोषण लांब तरंगलांबीकडे, ६५० नॅनोमीटरच्या आसपास सरकते आणि आपल्याला गडद निळा दिसतो. निळीचा निळेपणा निम्मा त्या रेणूचा आणि निम्मा शेजाऱ्यांचा म्हणायला हरकत नाही.

याचे घरगुती उदाहरण सांगलीच्या बाजारपेठेतच आहे. हळदीतला कुर्क्युमिन हा रेणू पिवळा. चुन्याची निवळी किंवा साबणाचे पाणी लागले, की तो तांबडा होतो. पारंपरिक कुंकू हळकुंडापासून बनवताना लिंबाचा रस आणि टाकणखार वापरतात. टाकणखारातील बोरॉन कुर्क्युमिनला पकडतो आणि लाल रंग येतो. रेणू तोच, पण सोबत बदलली.

रंगारी ही सोबत जाणूनबुजून जुळवत. मंजिष्ठासारख्या मुळांचा रंग नुसत्या सुती कापडावर नीट बसत नाही. कापडाला आधी तुरटी दिली, तर ॲल्युमिनियमचे अणू एका बाजूला धाग्याला आणि दुसऱ्या बाजूला रंजकाला धरतात आणि पक्का तांबडा येतो. तुरटीऐवजी लोहाचा क्षार दिला, तर तोच रंजक जांभळट काळा दिसतो. या मध्यस्थ पदार्थांना रंगबंधक म्हणतात. म्हणून जुन्या वस्त्राची तपासणी दोन पायऱ्यांनी करावी लागते. धातू कोणता हे क्ष-किरण सांगतात. रंजक कोणता हे रेणूंचे वर्णपट सांगतात.

चकाकणारे रंजक आणि चांदीची युक्ती

मंजिष्ठ, लाख, हळद यांसारख्या वनस्पतिजन्य व कीटकजन्य रंजकांच्या बाबतीत रामन पद्धतीला एक मोठी अडचण आली. हे रेणू लेसरचा प्रकाश शोषून स्वतःच चकाकू लागतात. ही प्रतिदीप्ती. भर दुपारी काजवा दिसत नाही, तसा या चकाकीत रामन यांचा क्षीण संकेत दिसेनासा होतो.

उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. १९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लाइशमन व त्यांच्या सहकाऱ्यांना चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावर चिकटलेल्या पिरिडीनचा रामन संकेत फार जोरदार आढळला. १९७७ साली अमेरिकेत व्हॅन डाइन यांनी दाखवून दिले, की ही वाढ लाखो पटींची आहे. चांदीच्या अतिसूक्ष्म कणाजवळ प्रकाशाचे विद्युत क्षेत्र प्रचंड वाढते. शिवाय चांदीला चिकटलेल्या रेणूची प्रतिदीप्तीही विझते. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा रंगाचा कण घेऊन त्यावर चांदीच्या कणांचा थेंब सोडला, की रंजक ओळखता येतो.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण शिकागोच्या कलासंग्रहालयातले. रविवर्म्याचा समकालीन फ्रेंच चित्रकार रेन्वार याने १८८३ साली एका स्त्रीचे व्यक्तिचित्र काढले. त्याची पार्श्वभूमी फिकट, थंड दिसते आणि तीच चित्रकाराची निवड असावी असे वाटे. चौकट काढल्यावर तिच्या खाली झाकलेल्या कडेला भडक तांबडा रंग आढळला. चांदीच्या युक्तीने तो कोशिनील किड्यापासून केलेला किरमिजी रंग ठरला. हा रंग उजेडाने विटतो. आपण पाहत होतो ते रेन्वारचे चित्र नव्हते, तर त्याचे सव्वाशे वर्षांनंतर उरलेले रूप होते. मूळ रंगांची संगणकीय प्रतिकृती तयार करून ती २०१४ साली लोकांना दाखवण्यात आली.

औंधच्या किंवा सांगलीच्या संग्रहालयात एकोणिसाव्या शतकातील एखाद्या चित्रासमोर उभे राहताना हे उदाहरण मनात असावे. चौकटीची आतली कडा हा त्या चित्राचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार असू शकतो.

साक्ष कशी वाचायची

रंगद्रव्याचे नाव कळले, की इतिहासकाराच्या हाती काय लागते? मुख्यतः तारखा. प्रशियन निळा अठराव्या शतकाआधी कोठेच नाही. कृत्रिम अल्ट्रामरिन १८२८ च्या सुमारापासून. मंजिष्ठवर्गीय मुळांतला अलिझारिन कारखान्यात बनू लागला तो १८६९ नंतर. कृत्रिम नीळ १८९७ साली जर्मनीतून बाजारात आली आणि हिंदुस्थानातील निळीची शेती कोसळली. टायटॅनियमचा पांढरा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि थॅलोसायनिन निळा १९३५ साली बाजारात आला.

समजा, अठराव्या शतकातील एखाद्या वाड्याच्या भिंतीवर थॅलोसायनिन निळा सापडला. नाना फडणीस १८०० साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या काळच्या चित्रकाराने तो वापरणे अशक्य. मग चित्र बनावट समजायचे का? नाही. त्या जागी १९३५ नंतर कोणाचा तरी हात फिरला आहे, एवढेच सिद्ध होते. त्याच चित्रात फक्त गेरू, काजळ आणि चुना सापडला, तर ते जुने ठरते का? तेही नाही, कारण हे रंग आजही मिळतात. नव्या पदार्थाची उपस्थिती पुष्कळ सांगते. त्याची अनुपस्थिती फारसे सांगत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना पुराव्याचा विचार शिकवायला यासारखे उदाहरण नाही.

तारखेपलीकडे रंग व्यापारही सांगतो. अजिंठ्यातला हिरवा रंग स्थानिक आहे. दख्खनच्या काळ्या दगडातील पोकळ्यांत हिरवट मातकट लेप असतो, त्या खनिजाचा तो बनवलेला. सातारा जिल्ह्यात विहिरीच्या खोदकामात निघालेल्या दगडांवर असा लेप मुलांना शोधता येईल. अजिंठ्यातला निळा मात्र थेट बदख्शानहून आलेला. एकाच भिंतीवर पायाखालचा दगड आणि हिंदुकुशापलीकडचा दगड शेजारी शेजारी आहेत.

निदानाआधी उपचार

पदार्थाची ओळख पटण्याआधी केलेल्या उपचाराचे काय होते, याचाही धडा अजिंठ्यानेच दिला. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवून भिंत सावरली. ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. मिरजेच्या तंबोऱ्याला चकाकी देणाऱ्या पॉलिशमध्ये असते, तीच ही लाख. लाकडावर ती शोभते. भिंतीवर ती कालांतराने पिवळी, मग तपकिरी झाली आणि तिने धूळ व काजळी धरून ठेवली. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३२ साली अजिंठ्यावर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा हे रोगण चित्रांवर होते. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना ते काढण्यासाठी कित्येक दशके खर्च करावी लागली. अतिनील प्रकाशात लाख नारिंगी चकाकते, त्यामुळे ती कोठे उरली आहे हे दिसते. कोणता द्रावक लाख विरघळवेल आणि खालच्या रंगाला धक्का लावणार नाही, हे मात्र दोन्ही पदार्थ ओळखल्याशिवाय ठरवता येत नाही.

टिकाऊपणाचेही तसेच. गुळीच्या निळीचा रेणू शोषलेली ऊर्जा सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात उष्णतेच्या रूपाने टाकून देतो, म्हणून ती शतके टिकते. कुर्क्युमिन उजेडात फुटतो आणि हळदीचा पिवळा लवकर उडतो. निळीवर हळद चढवून केलेला हिरवा म्हणून हळूहळू निळा होत जातो. जुन्या वस्त्रातली निळी पाने मूळची हिरवी असू शकतात. उजेडाची हानी भरून येत नाही, साठत जाते. यासाठी संग्रहालयांत वस्त्रे आणि जलरंगातील चित्रे यांच्यावर ५० लक्स व तैलचित्रांवर २०० लक्सच्या आसपास उजेड ठेवण्याचा संकेत आहे.

शाळेत काय करता येईल?

रामन वर्णपटमापक शाळेत नसतो. पण या विषयातले तत्त्व पोहोचवण्यासाठी त्याची गरज नाही. तीन निळ्यांचा प्रयोग वर दिलाच आहे. आणखी तीन सुचवतो.

एक : हळदीत रंगवलेल्या कापडाचे दोन तुकडे करावेत. त्यांतल्या एकावर पुठ्ठ्याची पट्टी बांधून तो उन्हात ठेवावा आणि दुसरा कपाटात. रोज एक नोंद करावी. आठवडाभरात पट्टीखालचा आणि उघडा भाग यांतला फरक, म्हणजे रेन्वारच्या चौकटीचीच गोष्ट, मुलांसमोर असेल.

दोन : स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद हलवून गाळून घ्यावी. नोटा तपासायच्या अतिनील दिव्याखाली ते द्रावण अंधाऱ्या खोलीत पाहावे. हिरवट पिवळी चकाकी दिसेल. रामन संकेताला झाकून टाकणारी प्रतिदीप्ती ती हीच. दिव्याकडे थेट पाहू नये आणि स्पिरिटजवळ ज्योत नको.

तीन : पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक फट पाडून आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला, की वर्णपटदर्शक तयार होतो. त्यातून आधी पांढऱ्या दिव्याचा वर्णपट पाहावा, मग हळदीच्या द्रावणातून आलेल्या प्रकाशाचा. जांभळा व निळा भाग गायब झालेला दिसेल. हळद पिवळी का, याचे उत्तर तेथेच आहे : तिने काय परत दिले यात नव्हे, तर काय ठेवून घेतले यात.

आणि एक काम प्रयोगशाळेबाहेरचे. सातारा-सांगलीकडच्या कित्येक वाड्यांत आणि देवळांत भिंतींवर, लाकडी छतांवर, खांबांवर जुने रंगकाम आहे. उत्सवाच्या निमित्ताने किंवा जीर्णोद्धारात ते खरवडले जाते किंवा त्यावर नवा तैलरंग चढतो. हेतू वाईट नसतो. पण त्या खरवडीबरोबर जे झाडून टाकले जाते, त्यात कोठल्या खाणीची काव होती, कोणत्या बंदरातून आलेली नीळ होती, हे सांगणारे कण असतात. ते एकदा गेले, की जगातले कोणतेही उपकरण त्यांना प्रश्न विचारू शकत नाही. गावात रंगकाम निघणार असे कळले, तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घेऊन जुन्या रंगाची छायाचित्रे काढावीत. शेजारी मोजपट्टी आणि पांढरा कागद ठेवावा, जागा व तारीख लिहावी. भिंतीला स्वतः हात लावू नये, पण एखादा कोपरा तसाच राखून ठेवा, अशी विनंती विश्वस्तांना जरूर करावी. हातभर कोपरा पुरतो. वर्णपटमापकाला तर त्याहूनही कमी लागते.